तिसरा रूळ : हॉर्नबी डब्लोचे स्मरणरंजन

३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमधल्या ग्रँटमजवळच्या उतारावर ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनांचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ ही खेळण्यातली नवी रेल्वे दुकानांत आणली. तिचे मानाचे इंजिन होते ‘सर नायजेल ग्रेस्ली’. हे मॅलार्डचेच भावंड, त्याच ए-फोर वर्गातले, आणि ज्या अभियंत्याने हा वर्ग घडवला त्याचेच नाव मिरवणारे. मूळ इंजिन रुळांवर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. जुन्या खेळण्यातल्या इंजिनांबद्दल बोलताना आपण पहिल्याच वाक्यात ‘गेले ते दिवस’च्या सुरात जातो. पण १९३८ साली डब्लोच्या खोक्यात गेलेले दिवस नव्हते. त्यात होती त्या क्षणाची सर्वांत नवी, सर्वांत वेगवान गोष्ट, मुलाच्या हाताला पेलेल एवढी केलेली. आजच्या मुलाच्या हातात वंदे भारतची प्रतिकृती द्यावी, तशी. मग हेच खेळणे स्मरणरंजनाची वस्तू केव्हा झाले, आणि नेमके कशाच्या स्मरणाची? या प्रश्नाचे उत्तर मला त्या खेळण्याच्या एका दोषात सापडते. पण आधी थोडा इतिहास.

फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा कारकून. आपल्या मुलांसाठी त्याने भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या, १९०१ मध्ये त्यांचे पेटंट घेतले, आणि त्यातून मेकॅनो उभे राहिले. भारतातल्या सुखवस्तू घरांतही मेकॅनोचा खोका पोचला होता. आजोबांचा मेकॅनो अजून माळ्यावर असलेली घरे वाचकांपैकी काहींना ठाऊक असतील. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातल्या खेळण्यांच्या बाजारावर जर्मन कारखान्यांचा पगडा होता. युद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन मालाबद्दल तिटकारा होता, आणि १९२० साली हॉर्नबीने किल्लीची रेल्वे काढली ती नेमकी अशा वेळी. हा गृहस्थ पुढे पार्लमेंटात गेला आणि १९३६ साली वारला. म्हणजे डब्लो त्याने पाहिलीच नाही.

‘डब्लो’ हे नाव ‘डबल ओ’चे. त्याआधीची हॉर्नबी रेल्वे ‘ओ’ मापाची होती. तिच्या दोन रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर. लहान घरांत ती मावेना, म्हणून माप जवळपास निम्मे करून १६.५ मिलिमीटरवर आणले. इथे एक गंमत झाली. ब्रिटिश इंजिने युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. रूळ निम्मे केले त्याच हिशेबाने इंजिनही निम्मे केले, तर पोटात मोटार बसेना. तेव्हा रूळ तसेच ठेवून वरचे इंजिन थोडे मोठे, मूळच्या १/७६ इतके केले. या हिशेबाने खऱ्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गाला १९ मिलिमीटरच्या आसपास रुंदी हवी होती. म्हणजे डब्लोची इंजिने, आणि त्यांच्यानंतरची बहुतेक सगळी ब्रिटिश खेळण्यातली इंजिने, अरुंद वाटेवर चालणारी आहेत. समोरून नीट पाहिले तर ती किंचित तोल सावरत असल्यासारखी दिसतात. आठ दशके ब्रिटनने ही विसंगती सांभाळली आहे. सवयीचे बळ गणितापेक्षा मोठे असते, हे मला यातून नेहमी जाणवते.

आता तो दोष. विजेवर चालणाऱ्या खेळण्याला वीज एका वाटेने आत यावी लागते आणि दुसऱ्या वाटेने परत जावी लागते. दोन रुळांतून ती खेळवायची, तर डाव्या आणि उजव्या चाकांचा विद्युत्-संबंध तोडावा लागतो. नाहीतर धातूच्या आसातून शॉर्ट सर्किट होते. हा खटाटोप टाळण्यासाठी डब्लोने दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ घातला. इंजिनाच्या पोटाखालची स्प्रिंगची पट्टी त्यावरून घसरत वीज उचलते, आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून ती परत जाते. जमिनीवर पोटावर पडून रूळ जोडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही रचना उत्तम. मार्ग वळवून पुन्हा त्याच मार्गाला उलटा जोडला, तर दोन रुळांच्या पद्धतीत डावा रूळ उजव्याला भिडतो आणि सगळे बंद पडते. तीन रुळांत मधला रूळ कुठूनही आणला तरी मधलाच राहतो.

पण खऱ्या आगगाडीला असा मधला रूळ नव्हता. १९५० नंतर ट्राय-अँगने प्लॅस्टिकची, स्वस्त आणि दोन रुळांवर धावणारी रेल्वे आणली, तेव्हा मुलांना हा फरक खुपू लागला. मेकॅनो कंपनी दोन रुळांकडे वळली ती १९५९ साली. तोवर हजारो घरांत तीन रुळांचे मार्ग पसरले होते; त्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडता येईना, म्हणून दोन्ही प्रकारचा माल करावा लागला. ओतीव धातूचे इंजिन प्लॅस्टिकच्या किमतीला देणे शक्य नव्हते. शिवाय मुलांचे लक्ष खाचेतून पळणाऱ्या शर्यतीच्या मोटारींकडे गेले होते. १९६४ साली ट्राय-अँगचीच मालक असलेल्या लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो ताब्यात घेतली, आणि डब्लो संपली.

यानंतरच्या तारखा मला सर्वांत बोलक्या वाटतात. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची प्रवासी गाडी सोडली. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, जुन्या हॉर्नबी गाड्यांच्या संग्राहकांची संघटना स्थापन झाली. यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो : खरी इंजिने गेली म्हणून खोट्या इंजिनांवर माया जडली. तो अर्धाच खरा आहे, असे माझे मत. खऱ्या इंजिनाचीच आठवण हवी असेल, तर आजच्या प्रतिकृती डब्लोपेक्षा कितीतरी अचूक आहेत. त्यांत खिळ्यांच्या ओळीही मोजून घ्याव्यात. तरीही साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे इंजिन घेणारा माणूस तीन रुळांचेच मागतो. ज्या खोटेपणामुळे मुलांनी ही रेल्वे टाकली, तोच खोटेपणा आता तिच्या खरेपणाची खूण झाला आहे. त्याला गाडी आठवायची नसते. त्याला खेळणे आठवायचे असते. कोळशाच्या धुराचा वास बहुतेकांनी फलाटावरून घेतलेला. गरम झालेले तेल आणि कार्बन ब्रशच्या ठिणग्यांचा तो उग्र वास मात्र नाकाशी आणून घेतलेला, आपल्याच घराच्या जमिनीवर.

डब्लोचे काही साचे पुढे रेन या कंपनीकडे गेले, आणि तिने ती इंजिने पुढची बरीच वर्षे बनवली. साचा तोच, धातूही ओतीवच. फरक एवढाच, की आता गिऱ्हाईक मोठी माणसे होती. संग्राहकांच्या जगात अशा इंजिनाचा पुठ्ठ्याचा खोका शाबूत असणे हे इंजिनाइतकेच मोलाचे धरतात. न खेळलेले खेळणे सर्वांत महाग, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. ज्याच्यावर कुणाचेच बालपण गेले नाही, त्यात स्मरण कोणाचे शोधायचे?

आणि धातूलाही मरण आहे. ही इंजिने जस्ताच्या मिश्रधातूची. त्यात शिशाचा अंश मिसळला, तर वर्षानुवर्षे धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज चालतो. आधी अंग फुगते, मग केसासारख्या भेगा पडतात, आणि एक दिवस चाक बोटांत चुरते. महायुद्धापूर्वीच्या मालात हा रोग विशेष. सिगारेटच्या वेष्टनाची चांदी कामगारांनी भट्टीत टाकल्याने तो झाला, अशी कथा सांगितली जाते. खरी असो-नसो, लिव्हरपूलच्या एखाद्या दुपारची ती झुरकी आज कुणाच्या तरी कपाटात इंजिन पोखरते आहे, ही कल्पना विलक्षण आहे. दमट हवेत हा रोग वेगाने वाढतो, हे मुंबई-कोकणातल्या संग्राहकाने विशेष ध्यानात ठेवावे. यावर औषध नाही.

आपल्याकडे स्थानिक इंजिनांची अशी कारखान्यातली, घरोघरी पोचलेली प्रतिकृती झाली नाही. ‘डेक्कन क्वीन’ १९३० पासून धावते आहे; पण पुण्या-मुंबईच्या मुलांनी तिला पाहिले ते खिडकीतून आणि पुलावरून, जमिनीवर पोटावर पडून नव्हे. म्हणून आपले रेल्वेचे स्मरणरंजन थेट माथेरानच्या गाडीकडे किंवा घाटाकडे जाते. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, तेवढा मोठा अपवाद. तिथे गाड्या धावतात, आणि मुले त्यांच्याकडे टक लावून पाहत बसतात.

माझ्याकडे डब्लोचे एक टँक इंजिन आहे, ६९५६७ क्रमांकाचे, परिचितांच्या घरातून आलेले. हा नमुना मुळात एकाच कंपनीच्या इंजिनावरून घेतलेला; पण सुरुवातीला तो ब्रिटनच्या चारही रेल्वे कंपन्यांच्या रंगांत विकला गेला, म्हणजे ज्या मुलाला जी कंपनी आपली, ती त्याला मिळावी. माझ्या इंजिनाचा रंग कडांवर उडाला आहे, दोन्ही बाजूंना बरोबर तिथे, जिथे अंगठा आणि पहिले बोट येते. ते कोणाचे हात होते, मला माहीत आहे. तो माणूस आता ऐंशीच्या पुढे आहे. मोटारीच्या चुंबकाची ताकद वर्षांनी ओसरते, ती पुन्हा भरून घेता येते. तेवढे मी करून घेतले. रंगाला हात लावला नाही. इंजिन आता धावते, थोडा कर्कश आवाज करत, तीन रुळांवर.