शाळेच्या आवारात पाया खणण्यापूर्वी

शाळेच्या आवारात स्वयंपाकाची शेड, स्वच्छतागृह किंवा सामानाची खोली बांधावयाचे ठरले म्हणजे जागा, खर्च आणि मंजुरी यांचा विचार होतो. जमिनीखाली काय आहे, हा विचार मात्र बहुधा कुदळ पडल्यावर सुरू होतो. वसई-विरार परिसरात हा क्रम उलटा करणे अवश्य आहे. येथे नळाचे पाणी, विजेच्या केबली, दूरध्वनीच्या तारा व काही भागांत गॅसच्या वाहिन्या भूमिगत आहेत. २००९ साली महानगरपालिका स्थापन होण्यापूर्वी या भागात चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती होत्या. त्या काळी टाकलेली प्रत्येक नळी आज एकाच नकाशावर सापडेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांनी प्रथम पाणीपुरवठा विभाग, महावितरण, दूरध्वनी व गॅस कंपनी यांना लेखी विचारावे. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवरही खोदकामाची सूचना देता येते. परंतु विहिरीच्या पंपापासून टाकीपर्यंतची नळी किंवा मीटरपासून वर्गापर्यंतची केबल शाळेची स्वतःची असते. ती कोणत्याही कार्यालयाच्या नकाशात नसते. तिची माहिती निवृत्त शिक्षक, जुना शिपाई किंवा गावातील नळकारागीर यांच्याकडेच मिळावयाची. शोधक यंत्रावर सर्वस्वी विसंबणेही बरे नव्हे. धातूचा माग घेणाऱ्या यंत्रास प्लॅस्टिकची नळी सापडत नाही.

यानंतर आखणीच्या रेषेवर हाताने चाचणीचे खड्डे घ्यावेत. अर्नाळा, भुईगाव अशा किनाऱ्यालगतच्या गावांत जमीन रेताड आहे. तेथे पहार सहज आत जाते व म्हणूनच ती अधिक धोक्याची. फावड्याने थोडी थोडी माती बाजूस करणे हाच सुरक्षित मार्ग होय. भारतीय मानकानुसार कमी दाबाची वीजकेबल सुमारे ७५ सेंटिमीटर व अकरा हजार व्होल्टची ९० सेंटिमीटर खोल असावी. पण पावसाने माती वाहून गेलेली असेल किंवा आवार सपाट करताना वरचा थर काढला गेला असेल, तर ती याहून वर लागते. केबलीभोवती वाळू घालून वर विटा किंवा फरशा मांडण्याची पद्धत आहे. खणताना एका रेषेत मांडलेल्या विटा दिसल्यास त्या जुन्या बांधकामाचा राडारोडा समजून उपसू नयेत, तेथेच थांबावे. ज्या तालुक्यात सोपाऱ्याचा विटांचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला, तेथील शिक्षकांस विटांचा थर वाचावयास निराळे सांगणे नको.

वाहिनीस कुदळ लागली, पण काही घडले नाही, तरी ती गोष्ट झाकून माती लोटू नये. बेल्जियममध्ये गिलेंगियेन येथे ३० जुलै २००४ रोजी गॅसवाहिनीचा स्फोट होऊन २४ माणसे मेली. वाहिनीस इजा झाली होती ती आधीच्या बांधकामात. त्या वेळी ती फुटली नव्हती. केबलीस धक्का लागल्यास मुलांना दूर नेऊन महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे.

वाहिनी सापडली की खोलीची जागा सरकवावी. वाहिनीवर पाया घातल्यास पुढे दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागते. गळणारे पाणी पायाखालची रेती वाहून नेते, आणि गळणारा गॅस बंद खोलीत साठतो.

खड्डा उघडा असतानाच त्याचा नकाशा करून घ्यावा. इमारतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून नळीच्या वळणापर्यंतची अंतरे फितीने मोजावीत. चौकटीच्या कागदावर प्रमाण धरून त्या दोन कोपऱ्यांवरून कंपासाने कंस काढावेत. ते जेथे छेदतील तेथे वळण. इतके मोजमाप वरच्या वर्गातील मुले, खड्ड्यापासून दूर उभी राहून, शिक्षकांनी सांगितलेल्या आकड्यांवरून वहीत सहज करतील. नकाशावर खोली व तारीख लिहून एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी आणि बदली होताना कार्यभाराच्या यादीत तिची नोंद करावी.