सहीचे मोल

आमच्या भंडारा जिल्ह्यात बोनस हा शब्द उच्चारिला की धानाच्या हमीभावावर सरकारकडून मिळणारी अधिक रक्कम आठवते. आणि आगाऊ पैसा म्हटला की सालगड्याची अथवा वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराची उचल डोळ्यांपुढे येते. उचल ही पुढे मजुरीतून वळती होते; म्हणून ती वस्तुतः कर्जच होय. परंतु केवळ करारावर सही केल्याबद्दल पैसा मिळावा व तो वेतनातून कापिला जाऊ नये, असाही एक व्यवहार जगात आहे. अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉलमध्ये तो चालतो. त्याची रीत आज आम्ही वाचकांस सांगणार आहो.

प्रथम आपल्या कबड्डीकडे पाहू. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली व तीत खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई यास यू मुंबा संघाने २०१८ साली ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतले. पुढल्याच वर्षी तेलुगू टायटन्स संघाने त्याजकरिता १ कोटी ४५ लाख मोजिले. लिलावात जो अधिक बोली बोलेल त्याचा खेळाडू, आणि बोलीची रक्कम हेच त्याचे वेतन.

बेसबॉलमध्ये नवख्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. पूर्वी श्रीमंत संघ हवा तो मुलगा हव्या त्या किमतीस घेत. १९६४ साली रिक रायकार्ट या तरुणास लॉस एंजेलिसच्या संघाने दोन लाख डॉलरांहून अधिक बोनस दिला. गरीब संघांचा टिकाव लागेना, म्हणून १९६५ पासून पाळीने निवड करण्याची पद्धत आली. दुबळ्या संघांस पाळी आधी मिळते. २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. निवडलेला मुलगा त्या एका संघाशीच बोलणी करू शकतो.

२०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक पाळीस एक रक्कम नेमून दिलेली आहे. या रकमांची बेरीज ती संघाची थैली. एकास कमी देऊन दुसऱ्यास अधिक देण्याची मोकळीक आहे. मात्र थैलीहून जास्त खर्च केल्यास दंड बसतो, आणि ही वाढ शेकडा पाचांवर गेली तर पुढील वर्षाची पहिल्या फेरीची पाळीही जाते. मुलाने सही न केल्यास त्याच्या पाळीची रक्कम थैलीतून वजा होते. २०२३ साली पहिल्या पाळीत निवडलेल्या पॉल स्कीन्स यास पिट्सबर्गच्या संघाने ९२ लाख डॉलर दिले.

संघ एवढा पैसा का देतो? कारण मुलापुढे कॉलेजचा मार्ग खुला असतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यास तीन वर्षे पुरी होईपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे भरेपर्यंत त्यास बहुधा पुन्हा निवडता येत नाही. उलट सही करणाऱ्यांपैकी पुष्कळजण खालच्या पायरीवरच अल्प वेतनात खेळत राहतात व वरच्या संघात कधीच पोहोचत नाहीत. तेव्हा बोनस हे एका अर्थी सोडलेल्या शिक्षणाचे मोल आहे. म्हणूनच सुज्ञ पालक, पुढे कॉलेजात गेल्यास संघाने खर्च द्यावा, असे कलम करारात घालून घेतात.

तोंडच्या शब्दाचा भरवसा किती, हेही पाहावे. २०१४ साली ब्रेडी एकेन या मुलाची निवड सर्वांत प्रथम झाली. पुढे वैद्यकीय तपासणीनंतर ह्यूस्टनच्या संघाने देऊ केलेली रक्कम घटविली. सही झालीच नाही, व बोनसही मिळाला नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मैदानावर नाव काढील, कोणी दूरच्या कारखान्यात जाईल. कागद पुढे आला म्हणजे चार गोष्टी विचारा: हा पैसा बक्षीस की उचल? किती काळ बांधून घेतले जाईल? अंगास दुखापत झाली तर काय? आणि अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे काय? पालकांसही आमची हीच विनंती आहे. हाती पडणारी रक्कम मोजण्यास क्षणभर पुरतो. कागद वाचण्यास एक रात्र घालविली तरी ती वाया जात नाही.