पाण्याखालील छायाचित्रण : कॅमेऱ्याआधी प्रकाशाचा विचार आवश्यक

अंदमान आणि लक्षद्वीपची बेटे, कर्नाटकातील नेत्राणी, कोकणातील मालवण अशा ठिकाणी स्नॉर्केलिंग अथवा स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्या पर्यटकांना सागरतळाची दृश्ये आता स्वतः टिपावीशी वाटतात. त्यासाठी मोबाइल फोनच्या पारदर्शक पिशवीपासून लाखो रुपयांच्या उपकरणांपर्यंत सर्व काही बाजारात उपलब्ध आहे. तथापि, महागडा कॅमेरा नेऊनही अनेकांच्या हाती निळसर आणि धूसर चित्रेच येतात. त्याचे कारण बहुतांशी कॅमेऱ्यात नसते, ते पाण्यात असते. त्यामुळे साहित्य निवडण्यापूर्वी पाण्याचा स्वभाव समजून घेणे उपयुक्त ठरते.

पाणी प्रकाशाचे काय करते?

सूर्यप्रकाशातील सर्व रंग पाण्यात सारख्या प्रमाणात खोलवर पोहोचत नाहीत. लाल रंग सर्वप्रथम शोषला जातो. स्वच्छ समुद्रातही सुमारे ५ मीटर खोलीवर तो बराचसा फिका पडतो. त्यानंतर नारिंगी आणि पिवळा हे रंग क्षीण होतात, आणि अखेरीस निळ्या-हिरव्या छटा तेवढ्या उरतात. हे शोषण केवळ खोलीमुळे होत नाही. मासा आणि कॅमेरा यांच्यामधील पाण्याचा थरही तेच कार्य करतो. पाण्यात तरंगणारे गाळाचे कण व सूक्ष्म जीव प्रकाश विखुरतात, त्यामुळे दूरची वस्तू धूसर दिसते.

यातून या छायाचित्रणाचा मूलभूत नियम निघतो : विषयाच्या शक्य तितके जवळ जावे आणि प्रकाश स्वतःसोबत न्यावा. दिव्याचा प्रकाश एक मीटरवरील प्रवाळापर्यंत जाऊन परत कॅमेऱ्यात येतो, तेव्हा त्याला केवळ दोन मीटर पाणी ओलांडावे लागते. त्यामुळे लाल रंग बराचसा टिकून राहतो. तोच विषय पाच मीटरवर असेल, तर हे अंतर दहा मीटर होते आणि दिव्याचा फारसा उपयोग उरत नाही.

ही अडचण छायाचित्रणाच्या आरंभकाळापासूनची आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी १८९३ मध्ये भूमध्य समुद्रात पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे अमेरिकेतील फ्लोरिडानजीक १९२६ मध्ये घेण्यात आली. त्या वेळी पुरेसा उजेड मिळावा म्हणून पृष्ठभागावरील तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. कॅमेरे बदलले, पण प्रकाशाची गरज कायम राहिली.

खोली किती, त्यावर कॅमेरा ठरतो

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. अर्थात २० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. म्हणून उपकरणावर नुसते ‘जलरोधक’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. ते किती मीटरपर्यंत वापरता येते, हे पाहिले पाहिजे. मोबाइल फोनवरील ‘आयपी ६८’ हे मानांकन प्रयोगशाळेतील गोड्या, स्थिर पाण्यातील चाचणीवर आधारित असते. खारे पाणी, लाटा आणि पोहताना होणारी हालचाल यांची हमी त्यात गृहीत धरू नये.

पृष्ठभागावर राहून स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना लहान अॅक्शन कॅमेरा किंवा जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेरा पुरेसा आहे. गोप्रोचा ‘हिरो १३ ब्लॅक’ वेगळ्या आवरणाविना १० मीटरपर्यंत, तर ओएम सिस्टिमचा २०२३ मधील ‘टीजी-७’ १५ मीटरपर्यंत वापरता येतो. मात्र प्रशिक्षण नसलेल्यांसाठीची परिचयात्मक डाइव्ह १२ मीटरपर्यंत असू शकते आणि ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र मिळालेल्या डायव्हरची शिफारस केलेली मर्यादा १८ मीटर आहे. अर्थात, हे कॅमेरे नेणाऱ्यांनी आपल्या डाइव्हची खोली आधी विचारून घ्यावी. ती अधिक असल्यास ‘हाउसिंग’ नावाने ओळखले जाणारे जलरोधक कवच अनिवार्य ठरते. वरील दोन्ही कॅमेऱ्यांसाठी अशी कवचे मिळतात. पहिल्याचे ६० मीटर आणि दुसऱ्याचे ४५ मीटर खोलीसाठी आहे.

अदलाबदलीच्या लेन्सचे मोठे कॅमेरे उत्तम चित्र देतात. मात्र त्यांचे हाउसिंग, लेन्ससमोरील काचेचे पोर्ट, दिवे आणि ते जोडण्याचे दांडे मिळून खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो. सहलीत दोन-तीन डाइव्ह करणाऱ्या पर्यटकासाठी हा भार क्वचितच सार्थ ठरतो. मर्यादित खर्चात साधा कॅमेरा आणि चांगला दिवा घेणे अधिक लाभदायक असते.

लेन्स आणि दिवा

सपाट काचेतून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातील वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. त्याच वेळी लेन्सचा दृष्टिकोन अरुंद होतो. घुमटाकार पोर्ट तो पुन्हा रुंद करते. रुंद दृष्टिकोनाच्या लेन्समुळे प्रवाळाच्या अगदी जवळ जाऊनही पूर्ण दृश्य सामावता येते. म्हणून पाण्याखाली ‘झूम’चा उपयोग कमी आणि रुंद लेन्सचा अधिक असतो. लहान जीवांसाठी मॅक्रो लेन्स सोयीची.

निवड स्थळानुसारही बदलते. अंदमान-लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात रुंद दृश्ये चांगली मिळतात. मालवणसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात गाळाचे प्रमाण अधिक असू शकते. तेथे लहान जीवांची जवळून घेतलेली चित्रे अधिक स्पष्ट येतात.

कॅमेऱ्यावरील फ्लॅश थेट समोर उजेड टाकतो, त्यामुळे पाण्यातील कण उजळतात आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटतात. हे टाळण्यासाठी स्ट्रोब अथवा व्हिडिओ दिवा दांड्यावर बसवून कॅमेऱ्यापासून बाजूला ठेवतात. दिवा नसल्यास उथळ पाण्यात लाल फिल्टर किंवा पांढऱ्या पाटीवर ‘व्हाइट बॅलन्स’ साधणे उपयोगी पडते. ‘रॉ’ स्वरूपात चित्र साठवल्यास नंतर रंग सुधारण्यास अधिक वाव राहतो.

विमानप्रवासातील नियम

सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या मालकक्षात पाठवता येत नाहीत. त्या हातातील सामानातच, टोके झाकून न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः मुभा असते. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की हा आकडा मिळतो. उदाहरणार्थ, ७.२ व्होल्ट आणि २,२८० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे १६ वॅट-तासांची असते. डायव्हिंगचे दिवे पाण्याबाहेर लागल्यास तापतात, म्हणून त्यांतील बॅटरी काढून ठेवावी आणि विमान कंपनीचे नियम आधी पाहावेत.

परतीचे तिकीट काढताना शरीराचाही विचार करावा. डायव्हिंगमध्ये रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, अशी मार्गदर्शक सूचना आहे. आणखी एका चित्रासाठी शेवटच्या दिवशी पाण्यात उतरण्याचा मोह त्यामुळे टाळावा.

रबरी कड्याची काळजी

हाउसिंगमध्ये पाणी शिरू न देण्याचे काम ‘ओ-रिंग’ हे रबरी कडे करते. त्यावर अडकलेला एक केस किंवा वाळूचा कणही गळतीस पुरेसा असतो. प्रत्येक वेळी ते स्वच्छ करून, उत्पादकाने सांगितले असल्यास सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. कवच शक्यतो वातानुकूलित खोलीत बंद करावे. दमट हवा आत राहिल्यास थंड पाण्यात काचेवर बाष्प जमते. नव्या प्रवासात प्रथम रिकामे कवच पाण्यात नेऊन तपासणे श्रेयस्कर. डाइव्हनंतर ते न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि सर्व बटणे दाबावीत, म्हणजे सांध्यांतील मीठ निघून जाते.

चित्रापेक्षा प्रवाळ मोलाचे

प्रवाळ हे सजीव असून अत्यंत संथ गतीने वाढतात. भारतात भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. अंदमानातील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये, तर मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. चित्रासाठी प्रवाळाचा आधार घेणे, त्यावर उभे राहणे किंवा चांगल्या चौकटीसाठी एखादा जीव उचलून हलविणे, यांमुळे होणारी हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागू शकतात.

कॅमेरा हाती असताना हवेचा दाबमापक, खोली आणि सोबती यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही असतो. म्हणून पहिल्या काही डाइव्ह कॅमेऱ्याविना कराव्यात. पाण्यात स्थिर तरंगता येऊ लागल्यानंतरच छायाचित्रणाकडे वळणे योग्य ठरते. परिचयात्मक डाइव्हमध्ये तर छायाचित्रे टिपण्याचे काम डायव्हिंग केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर सोपविणे हिताचे. प्रवाळाच्या जवळ जाऊनही त्याला स्पर्श न करण्याचे कौशल्य कोणत्याही कॅमेऱ्यासोबत विकत मिळत नाही. चांगले छायाचित्र आणि सुरक्षित परतणे, दोन्ही त्यावरच अवलंबून असते.