नोझावा ओन्सेन : मुक्काम कोठे करावा?

जपानच्या नागानो प्रांतात, डोंगराच्या उतारावर नोझावा ओन्सेन हे छोटेसे गाव वसले आहे. ‘ओन्सेन’ म्हणजे उष्ण पाण्याचा झरा. हिवाळ्यात येथे विपुल हिमवर्षाव होतो. त्यामुळे दिवसा स्कीइंग आणि सायंकाळी उष्णोदकाचे स्नान असा दुहेरी लाभ पर्यटकांना मिळतो. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधील बायथलॉन स्पर्धा याच गावी झाल्या. २०१५ पासून शिंकान्सेन रेल्वे इइयामा स्थानकावर थांबू लागली. तेथून बसने सुमारे २५ मिनिटांत गाव गाठता येते. प्रवास सुलभ झाला असला, तरी सहलीचा खर्च आणि समाधान बव्हंशी मुक्कामाच्या निवडीवर अवलंबून असते.

निवासाचे प्रकार

‘र्‍योकान’ हे पारंपरिक जपानी निवासगृह. तातामीच्या चटया, जमिनीवर अंथरलेली गादी, स्वतःचे स्नानगृह आणि सकाळ-सायंकाळचे भोजन हे त्याचे वैशिष्ट्य. ‘मिन्शुकु’ म्हणजे एखाद्या कुटुंबाने चालविलेले साधे, तुलनेने स्वस्त निवासस्थान. तेथे प्रसाधनगृह बहुधा सामाईक असते. याखेरीज पाश्चात्त्य पद्धतीची हॉटेले आणि स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारी घरेही आहेत. ज्यांना गुडघेदुखीमुळे जमिनीवर बसणे-उठणे कष्टप्रद होते, त्यांनी पलंग असलेली खोली आधीच मागून घ्यावी.

जागेची निवड

गावात १३ सार्वजनिक स्नानगृहे असून त्यांना ‘सोतोयु’ म्हणतात. त्यांची देखभाल ग्रामस्थ स्वतः करतात. प्रवेशशुल्क नसते, पाहुणे दानपेटीत यथाशक्ती रक्कम टाकतात. यांतील ‘ओयु’ हे स्नानगृह जुन्या वस्तीच्या मध्यभागी आहे. स्नान आणि गावातील फेरफटका यांना प्राधान्य असेल, तर या परिसरात राहावे. ज्यांचा बहुतेक दिवस स्कीइंगमध्ये जाणार आहे, त्यांना हिकागे किंवा नागासाका येथील गोंडोलाच्या जवळचे निवासस्थान सोयीचे. हिकागेकडे जाण्यासाठी ‘यु रोड’ हा सरकता मार्ग आहे. मात्र जड बूट आणि साहित्य घेऊन तिथपर्यंत चालावे लागेलच. गावातील रस्ते चढउताराचे असून बर्फाने निसरडे होतात. ज्येष्ठ नागरिक बरोबर असल्यास केवळ नकाशावरील अंतर न पाहता वाटेतील चढ व पायऱ्या यांचीही चौकशी करावी.

दर वाचताना

जपानी निवासगृहांचे दर पुष्कळदा खोलीमागे नसून माणशी असतात. समजा, भोजनासह दर १२,००० येन आहे. चार जणांच्या कुटुंबाने हा खोलीचा दर समजून तीन रात्रींचे ३६,००० येन गृहीत धरले आणि दर माणशी निघाला, तर प्रत्यक्ष देयक १,४४,००० येन होईल. म्हणून दर माणशी की खोलीमागे, भोजन समाविष्ट आहे काय, मुलांना सवलत किती आणि आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, हे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. दर १५ जानेवारीस येथे दोसोजिन अग्न्युत्सव होतो. त्या दिवसांचे तसेच नववर्षाचे आरक्षण फार आधी करणे इष्ट.

शाकाहारी पर्यटकांनी विशेष दक्षता घ्यावी. जपानी पाककृतींत वापरले जाणारे ‘दाशी’ हे सार बहुधा माशापासून तयार होते, त्यामुळे भाजीच्या पदार्थांतही ते असू शकते. शाकाहाराची कल्पना आरक्षण करतानाच लेखी द्यावी. ती व्यवस्था होत नसल्यास भोजनाविना दर घेणे श्रेयस्कर.

आर्थिक तयारी

लहान निवासगृहांत व दुकानांत रोख येन जवळ असणे उपयुक्त ठरते. आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सुविधा सुरू आहे काय, हे निघण्यापूर्वी तपासावे आणि चलन-रूपांतराचे शुल्क समजून घ्यावे. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस आकारला जातो. ही रक्कम पॅनवर जमा होते व आयकर विवरणपत्र भरताना देय करात समायोजित करता येते. तथापि आरंभी ती खिशातूनच जाते, हे अंदाजपत्रकात धरावे.

स्नानाचा शिष्टाचारही जाणून घ्यावा. स्त्री-पुरुषांची स्नानगृहे स्वतंत्र असतात, परंतु कुंडात विवस्त्रच उतरावे लागते आणि त्याआधी अंग स्वच्छ धुवावे लागते. ज्यांना हे संकोचाचे वाटते, त्यांच्यासाठी खासगी स्नानाची सोय असलेला र्‍योकान योग्य. त्यासाठी थोडे अधिक मूल्य द्यावे लागले, तरी सहलीचा मुख्य हेतू त्यामुळे सफल होतो.