शेकोटी अंगणातच बरी! बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नका. थंडीत घर उबदार ठेवायचं कसं?

निफाड : डिसेंबर-जानेवारी आला की निफाडचा पारा राज्यभर चर्चेत येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमान १० अंशांच्या खाली जातं, काही वर्षी तर ५ अंशांच्याही खाली नोंदलं गेलं आहे. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मात्र हाच विस्तव रात्री घरात आला आणि दार-खिडकी बंद झाली, तर जिवावर बेतू शकतं.

निखारा घरात का नको?

चुलीतले निखारे घमेल्यात किंवा शेगडीत काढायचे, खोलीत ठेवायचे आणि फटीसुद्धा बुजवून झोपायचं, ही सवय अनेक घरांत आहे. कोळसा-लाकूड नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू जास्त तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. 'धूर नाही, मग काय होतंय?' असं अनेकांना वाटतं. पण बिनधुराच्या लालबुंद निखाऱ्यातूनही हा वायू निघतच राहतो.

श्वासातून आत गेला की तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्यामुळे मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळून जातात. झोपलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच कळत नाही, तो झोपेतच बेशुद्ध होतो.

घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर 'पित्त झालं' म्हणून गोळी घेऊन पडू नका. लगेच दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ नंबरला फोन लावा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही धोका हाच. गिझर आणि सिलिंडर बाहेर बसवून घ्या, न्हाणीघराला झरोका ठेवा.

बाळंतिणीचा शेक

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची पद्धत गावोगावी आहे. त्यात आई आणि तान्हं बाळ दोघंही बंद खोलीत असतात. शेगडी टाळलेलीच बरी. घरातली मोठी माणसं ऐकतच नसतील, तर निदान दार-खिडकी उघडी ठेवा, कुणीतरी जागं बसा आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. बाळाला ऊब द्यायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आईची छाती. बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. टोपडं, पायमोजे घाला. तोंडावर पांघरूण नको. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला लावू नका, कातडी भाजते.

मग घर गरम कसं ठेवायचं?

- दुपारी उन्हाच्या बाजूची दारं-खिडक्या उघडी ठेवा, दिवस मावळायच्या आत लावून घ्या.
- पत्र्याच्या घरात वारा येणाऱ्या फटी गोणपाटाने बुजवा. पण हवा खेळायला एक झरोका मोकळा असू द्या.
- फरशी गार पडते. खाली रिकामी पोती, त्यावर सतरंजी आणि मग अंथरूण टाका.
- गोधड्या-वाकळा दिवसा उन्हात टाका. दमट गोधडीत ऊब राहत नाही.
- एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. कपड्यांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते. कानटोपी विसरू नका.
- बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे, गरम कढण-आमटी खा. शुगर असणाऱ्यांनी गूळ आणि डिंकाचे लाडू बेतानेच खावेत. तहान लागली नाही तरी पाणी प्या.

म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष द्या

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं आणि हृदयावर ताण येतो. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर करावं, गोळ्या चुकवू नयेत. वयाने थंडीची जाणीवही कमी होते. आजी-आजोबा असंबद्ध बोलायला लागले, सुस्त पडले, अंग गार लागतंय आणि थरथर थांबली असेल, तर 'बरं वाटतंय' असं समजू नका. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याची ती खूण असू शकते. ओले कपडे असतील तर बदला, कोरडं पांघरूण घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

रात्रीची लाईट असेल तर

गव्हाला, कांद्याला रात्री पाणी भरायला जावंच लागतं. गमबूट घाला, कोरड्या कपड्यांचा एक जोड सोबत ठेवा, शक्यतो जोडीला कुणाला तरी न्या. भिजलं की आधी कपडे बदला, मग शेका. दारूने थंडी जात नाही. कातडीकडे रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, पण शरीरातली ऊब उलट लवकर निघून जाते.

शेकोटी अंगणात, मोकळ्या हवेत खुशाल पेटवा. कडबा, पाचट आणि गोठा मात्र लांब असू द्या. झोपायला जाताना तिच्यावर पाणी ओता आणि दाराला कडी लावण्याआधी एकदा नजर टाका : शेगडी, घमेलं बाहेर आहे ना?