गाव बारापट लहान, प्रश्न मात्र मोठा: बेकन्स्कॉटच्या गल्लीतून

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलणं थोडंफार नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आज आपण एका गावात जाणार आहोत. तिथलं सगळ्यात उंच घर तुमच्या कमरेपर्यंत येतं आणि माणसं तुमच्या फोनएवढी असतात. या गावाचं नाव बेकन्स्कॉट. इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला बीकन्सफील्ड नावाचं शहर आहे, तिथे. मामेबहीण लंडनला असते. तिच्याकडे गेले होते, तेव्हा आम्ही दोघी मेरिलबोन स्टेशनवरून लोकल ट्रेन पकडून तिथे गेलो.

आधी थोडा इतिहास. रोलंड कॅलिंगहॅम नावाचा लंडनचा एक अकाउंटंट होता. त्याला खेळण्यातल्या रेल्वेचं भारी वेड. असं सांगतात की बायको एक दिवस वैतागली आणि म्हणाली, "घरात एक तर ही रेल्वे राहील नाहीतर मी." मग रेल्वे गेली बागेत. रेल्वेला स्टेशन हवं, स्टेशनला गाव हवं, असं करत करत घरातल्या माळ्याला आणि नोकरमाणसांना हाताशी धरून त्याने अख्खं गाव उभं केलं. १९२९ साली ते लोकांसाठी खुलं झालं. जगातलं सगळ्यात जुनं मॉडेल गाव म्हणून आज ते ओळखलं जातं. तिकिटातून उरणारा पैसा धर्मादाय कामाला जातो.

आता मुद्द्यावर येते. हे गाव बघताना खरं वाटतं ते कशामुळे? तर मापामुळे.

आपण दिवाळीत किल्ला करतो ना, त्यात काय होतं आठवा. माती आपली, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आपली, पण मावळे बाजारातून आणलेले. त्यामुळे मावळा दरवाजापेक्षा उंच आणि वाघ बुरुजाएवढा! मजा असतेच, पण खरं वाटत नाही. बेकन्स्कॉटमध्ये घरांचं माप एकास बारा. म्हणजे खऱ्या गावातला एक फूट तिथे एक इंच. साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा. अठरा फुटांचं घर दीड फुटाचं. लांबी बारापट कमी झाली की जागा बारा गुणिले बारा, म्हणजे १४४ पट कमी लागते. एकरभर बागेत एवढी वस्ती मावते ती म्हणूनच.

पण गंमत अशी की सगळ्याच गोष्टी लहान करता येत नाहीत. दोन इंच वाढलेलं गवत तिथल्या माणसाला दोन फूट, म्हणजे गुडघ्याच्याही वर. पावसाचा थेंब तेवढाच मोठा राहतो. झाडाचं पान तेवढंच राहतं, म्हणून मुळातच बारीक पानांची, खुज्या जातीची झाडं लावायची आणि ती सतत छाटायची. ऊन, पाऊस, थंडी खाऊन रंग उडतात, शेवाळ चढतं. आपला किल्ला दिवाळी संपली की मोडतो. हा किल्ला कधीच मोडत नाही, म्हणून त्याचं कामही कधी संपत नाही.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते १९९२ च्या एका निर्णयाने. तोपर्यंत बाहेरचं जग बदललं की हे गावही बदलायचं. जुनी इमारत काढून नव्या धाटणीची बसवायची. पण १९९२ मध्ये ठरलं, पुरे झालं, गाव परत १९३० च्या दशकात न्यायचं. तेव्हापासून तिथे तेच दशक चालू आहे. हिरव्या मैदानावर क्रिकेट रंगलंय, पवनचक्की फिरतेय, आगगाडी 'मेरिलू' स्टेशनात शिरतेय. (मेरिलबोन अधिक वॉटर्लू, हे त्यांचं जोडनाव!)

बघायला फार गोड. पण तिथेच मनात आलं, १९३० चं दशक खरंच एवढं गोड होतं का? मंदीचा काळ तो. खाणकामगारांच्या वस्त्यांत बेकारी होती. या गावात कोळशाची खाण आहे, ती मात्र कशी टापटीप! म्हणजे मॉडेल करणारा माणूस दोन गोष्टी ठरवत असतो. साल कुठलं, आणि काय दाखवायचं नाही.

आता हाच प्रश्न आपल्याला लावा. कोल्हापूरजवळ कणेरी मठात जुनं बलुतेदारी गाव पुतळ्यांतून उभं केलंय, पण ते माणसाच्या मापाचं. समजा तुम्ही तुमचं गाव एकास बारा केलंत, तर साल कुठलं धराल? पार असेल, देऊळ असेल, पिठाची गिरणी असेल. पण वेशीबाहेरची वस्ती असेल का? वेगळा पाणवठा असेल का? महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे बेकन्स्कॉट खुलं व्हायच्या फक्त दोन वर्षं आधीचा. त्या काळातलं गाव करताना दोन पाणवठे गाळले, तर गाव सुंदर होईल, पण खोटं होईल.

फोनमध्ये फोटो काढून हे प्रश्न पडत नाहीत. समोर जे असेल ते क्लिक होतं. हाताने करायला बसलं की प्रत्येक भिंत मोजावी लागते. जिना किती पायऱ्यांचा, खिडकी कुठल्या दिशेला, न्हाणीघराचं पाणी कुठे जायचं, हे कुणाला तरी विचारावं लागतं. आणि ज्यांना हे माहितेय ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून आज एकच काम सांगते. आजोळचं घर अजून उभं असेल तर या सुट्टीत टेप घेऊन जा. आजीला सोबत घ्या, एकेक खोली मोजा, वहीत लिहा. आपले सुतारकाका अजून फूट, इंच आणि सुतातच बोलतात, त्यामुळे एकास बारा आपल्याला एकदम सोपं. फुटाचा इंच करायचा. दीड इंच जाडीची फळी असेल तर मॉडेलमध्ये बरोब्बर एक सूत. पुठ्ठा, फेविकॉल आणि एक खोली, एवढ्यावर सुरुवात होते.

तुमचं गाव कुठल्या सालातलं असेल आणि त्यात कुठली गोष्ट गाळायची नाही, हे मला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकूया. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!