खांद्याचं पातं 'कट्कट्' वाजतं, दुखतं? नुसतं चोळून भागणार नाही

मालवण : रापणीचा दोर ओढताना किंवा माडाच्या झावळ्यांचा भारा उचलताना खवाट्यापाशी, म्हणजे खांद्याच्या पात्यापाशी, 'कट्कट्' वाजतं? नुसता आवाज असेल तर बहुतेकदा घाबरायचं कारण नाही. सोबत कळ येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

खवाटा बरगड्यांवर सरकत असतो. मध्ये स्नायू आणि घर्षण कमी करणाऱ्या पातळ पिशव्या असतात. तेच तेच ओढकाम केल्याने या पिशव्या सुजतात. स्नायू कमजोर होणं, पोक काढून बसणं, मोडलेली बरगडी वाकडी जुळणं किंवा हाडावरची गाठ हीसुद्धा कारणं असतात.

डॉक्टर खवाट्यावर हात ठेवून रुग्णाला हात फिरवायला लावतात. दुखणं मानेचं तर नाही ना, तेही बघतात. एक्स-रे काढतात, गरज पडल्यास सीटी स्कॅन किंवा एमआरआय.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. ओढकाम थांबवून, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि 3 ते 6 महिने फिजिओथेरपीने बरं वाटतं. भिंतीला हात टेकून जोर काढण्यासारखे व्यायाम शिकवतात. फरक न पडल्यास इंजेक्शन देतात; पण खाली फुप्फुस असल्याने ते तज्ज्ञांकडूनच घ्यावं. तरीही न थांबल्यास किंवा गाठ त्रास देत असल्यास शस्त्रक्रिया करतात, ती दुर्बिणीतूनही होते.

गोळी खाऊन, जोरात चोळून पुन्हा दोराला लागलं, तर सूज वाढते.

आणि पाठीतल्या कळेसोबत छातीत दाब, दम किंवा घाम आला, तर तो खवाटा समजू नका. लगेच 108 ला फोन करा.